दिवाळीच्या सुट्टीत एकच वास्तू पाहायची असेल तर

प्रश्न : आम्ही भुसावळहून मुलांसह मुंबईला जाणार आहोत, इंग्रजी अमदानीतील, नीट जतन केलेली एखादी वास्तू सुचवावी.

उत्तर : आपण भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले आणि १९७५ पर्यंत ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने ओळखले जाणारे हे संग्रहालय पुढे जीर्ण झाले होते. जीर्णोद्धारानंतर २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. मांडलेल्या वस्तूंइतकेच लक्ष छताच्या नक्षीकडे आणि ओतीव लोखंडाच्या खांबांकडे द्यावे. आवारातील दगडी हत्ती मात्र घारापुरीचा, म्हणजे इंग्रजांच्या कितीतरी आधीचा आहे. मुलांना तोच अधिक आवडेल, असा आमचा कयास आहे. बुधवारी संग्रहालय बंद असते, शेजारची राणीची बागही.