हात दुसऱ्याने हलवला तरी मेंदूला कळतं का?

शरीराची हालचाल मेंदूला कशी जाणवते आणि त्या वेळी मेंदूतल्या विद्युत लहरींत काय बदल होतो, यावर प्रश्न मागवले होते. सांगली-सातारा भागातून आलेले काही निवडले आहेत.

वडिलांना अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले. उजवा हात हलत नाही. फिजिओथेरपिस्ट ताई रोज येऊन हात हलवून जातात. वडील स्वतः काहीच करत नाहीत, मग मेंदूला याचा काय उपयोग? (मिरज)

मेंदूपर्यंत काहीतरी नक्की पोचतं. स्नायूंच्या आत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. हात आपण हलवला काय नि दुसऱ्याने हलवला काय, स्नायू ताणला गेला की ते संदेश पाठवतात. तो संदेश मज्जारज्जूतून वर जातो आणि विरुद्ध बाजूच्या मेंदूत पोचतो. डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड लावतात, साधारण त्या रेषेखाली ही जागा येते.

हात स्वस्थ असताना तिथे ईईजीत, म्हणजे डोक्यावर तारा लावून काढलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, दोन लयी दिसतात. एक सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची, दुसरी १५ ते ३० आवर्तनांची. हालचाल सुरू झाली की दोन्हींचा जोर कमी होतो. हालचाल थांबल्यावर थोड्याच वेळात जलद लय उसळते, आधीपेक्षाही वर जाते. स्वतः हात हलवताना ही घट हालचालीच्या सेकंदभर आधीच सुरू होते, कारण तयारी मेंदूतच चाललेली असते. दुसऱ्याने हलवला तर ती हालचालीनंतर येते. पण येते. काही प्रयोगांत दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थोडा वेळ रोखला आणि संवेदनेचे तंतू बधिर केले. मग दुसऱ्याने हात हलवल्यानंतरची उसळी दिसेना. म्हणजे ती उसळी जाणिवेमुळेच होती.

अर्धांगवायूनंतर हा प्रतिसाद बऱ्याचदा क्षीण होतो. तो परत येणं आणि हात सुधारणं यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तरी नुसतं हलवून घेतल्याने हातात ताकद येईल, असं मी सांगणार नाही. सांधा आखडू नये म्हणून ते हवंच, पण ताकदीसाठी रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न लागतो. म्हणून ताई हात उचलत असताना टीव्ही बंद करा. (बहुतेक घरांत तो चालूच असतो, आणि सगळ्यांचं लक्ष मालिकेत.) वडिलांना डोळे मिटायला सांगून विचारा, "हात आता वर आहे की खाली?" आणि हात हलला नाही तरी ताईंच्या जोडीने उचलायचा प्रयत्न करू द्या. त्यांना उठवताना मात्र तो हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

मी तालमीत पोरांना शिकवतो. खडाखडीत समोरच्याचा हात मानेवर पडला की चांगला मल्ल बघायच्या आधी अंग फिरवतो. हे मेंदू करतो की अंगच? (पलूस)

वस्ताद, दोन्ही. स्नायूतून निघालेला संदेश सेकंदाला ८० ते १२० मीटर वेगाने धावतो. दंडाचा स्नायू अचानक ताणला तर सुमारे २५ मिलिसेकंदांत पहिला झटका येतो. तो मज्जारज्जूतूनच परत फिरतो, मेंदूला विचारत बसत नाही. त्यानंतर ५० ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यान दुसरा प्रतिसाद येतो आणि त्याच्या वाटेत मेंदूचा पृष्ठभाग असतो. गंमत या दुसऱ्यात आहे. १९५६ मध्ये हॅमंड या संशोधकाने माणसांना आधीच सांगून ठेवलं, "ओढलं की विरोध करा" किंवा "ओढलं की सोडून द्या". झटका तोच, पण प्रतिसाद सूचनेप्रमाणे बदलला, तोही विचार करून हात हलवायला लागणाऱ्या वेळेच्या आत.

म्हणजे पट काढायचा की ढाक लावायची, हे मल्लाने पकड पडायच्या आधीच मनात धरलेलं असतं. पकड पडली की अंग ते वापरतं. तुम्ही पोरांना "डोळ्यांनी नको, अंगाने बघ" म्हणत असाल तर विज्ञानाची त्याला हरकत नाही. एरवीही गुंतल्यावर डोळ्यांना दिसतं काय, समोरच्याची काख!

हालचाल करताना डोक्यावरच्या तारांत स्नायूंची वीजही मिसळत असेल. मग मेंदूची कुठली हे कसं ठरवतात? (सातारा, बी.एस्सी.)

नेमका प्रश्न. ईईजीची वीज मायक्रोव्होल्टमध्ये असते, जबडा आवळला तरी ती झाकली जाते. म्हणून माणूस हात सैल सोडतो, मोटरवर चालणारं यंत्र त्याचं बोट हलवतं, आणि हाताला लावलेले इलेक्ट्रोड स्नायू खरंच सैल आहेत का ते तपासतात. तीच हालचाल शेकडो वेळा करून सरासरी काढली की बाकीचा गोंधळ विरतो. दुसरी पद्धत मला जास्त आवडते: बोट सेकंदाला तीन वेळा हलवायचं आणि मेंदूच्या लहरींत तीच तीनची लय सापडते का ते बघायचं. सापडते, आणि बोटाच्या विरुद्ध बाजूला.

कानाला लावायचा पट्टा मेंदूच्या लहरी वाढवून तोल सुधारतो, अशी जाहिरात आली. घ्यावा का? (विटा)

नको. पैसे चांगल्या बुटांवर घाला.

वय ६८, मधुमेह आहे. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात. मेंदूचा ईईजी काढू का? (तासगाव)

ईईजी नको, त्यात हे कळणार नाही. पायांची जाणीव कमी झाली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. डोळे मिटले की तो आधार जातो. डॉक्टर तुम्हाला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतील आणि घोट्याला ट्यूनिंग फोर्क लावून कंप कळतो का ते विचारतील. गरज वाटली तर नसांची तपासणी होईल. कधी घोट्याजवळच्या नसेला हलका झटका देऊन तो मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो तेही मोजतात; निरोगी माणसात सुमारे ४० मिलिसेकंद लागतात.

मधुमेहाने नसा बिघडतात, तसं बी-१२ जीवनसत्त्व कमी झाल्यानेही हेच होतं. शाकाहारी असाल किंवा बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर शक्यता वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नका; साखरेच्या तपासणीसोबत बी-१२ ही करून घ्या. तोवर तोंड बसून धुवा आणि रात्री मोरीपर्यंतचा दिवा चालू ठेवा.