पावसानंतर ब्लोअर, पॉवर विंडो आणि बटणांचे दिवे एकदम बंद, काय तपासू?

तिन्ही एकाच वेळी गेलेत ना, मग स्विच बदलायची घाई करू नका. दोष बहुधा सामायिक फ्यूजमध्ये किंवा अर्थमध्ये (गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेल्या निगेटिव्ह वायरमध्ये) असतो. आपल्या बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी गाडीत शिरलं, की कार्पेटखालचे अर्थचे बोल्ट गंजतात. माझा पहिला संशय तोच.

इग्निशन ऑन करून फ्यूजच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट येतात का पाहा. येत असतील तर ब्लोअरचं बटण चालू ठेवून त्याची अर्थची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमध्ये मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टहून बरंच जास्त दाखवलं, तर बोल्ट काढा, गंज घासा, घट्ट आवळा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा कृपया लावू नका, वायरिंग पेटू शकतं. आणि पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका.