पेशीने कोणाचे ऐकले?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पेशींच्या विभेदनावर, म्हणजे सारख्या पेशींपासून वेगवेगळ्या कामांच्या पेशी कशा घडतात यावर, तू पाठवलेले टिपण दोनदा वाचले. आकृत्या सुबक आहेत आणि ऊतींचे प्रकार व त्यांची कामे यांत कुठे चूक सापडली नाही. फक्त एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे: ‘भ्रूण वाढत असताना प्रत्येक पेशीच्या वाट्याला तिच्या कामापुरती जनुके येतात.’ हे खरे नाही. मात्र ही चूक मोठ्या माणसांनीही केलेली आहे, म्हणून ती नुसती खोडून न टाकता तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी साधारण असेच मांडले होते: पेशी विभागत जाते तशी आनुवंशिक द्रव्याचीही वाटणी होत जाते. १८८८ मध्ये विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण झाला आणि वाटणीची कल्पना सिद्ध झाल्यासारखी वाटली. पुढे थोड्याच वर्षांत हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या भ्रूणातील दोन पेशी हलवून सुट्या केल्या, तर प्रत्येकीपासून आकाराने लहान पण पूर्ण डिंभ (अळीसारखे पिल्लू) वाढला. या विरोधाचे कारण मला फार बोलके वाटते. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी तशीच चिकटून राहिली होती, आणि जिवंत पेशी आपल्याला शेजारीण आहे असे धरूनच वाढत राहिली.

वाटणीच्या कल्पनेवर निर्णायक घाव घातला तो जॉन गर्डन यांनी. बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशींची केंद्रके त्यांनी स्वतःचे केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यांत सोडली. बहुतेक अंडी फुकट गेली, पण काहींतून पोहणारे बेडूकमासे निघाले, आणि १९६२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आतड्याच्या पेशीजवळ डोळा, स्नायू, मेंदू यांची सगळी जनुके शाबूत होती. ती फक्त मिटलेली होती. तुझ्या आणि माझ्या शरीरातही तसेच आहे. प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात आणि त्यांतली कोणती चालू, कोणती बंद, यावर पेशीचा प्रकार ठरतो. (अपवाद आहेत आणि परीक्षक तेच विचारतात: तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना केंद्रकच बाहेर टाकतात, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी आपल्या डीएनएचे काही तुकडे खरोखरच कापून वगळतात.)

मग जनुके चालू-बंद कोण करते? तुझ्या टिपणात याचे उत्तर ‘नियामक प्रथिने’ एवढ्या दोन शब्दांत उरकले आहे. ते बरोबर असले तरी त्याने प्रश्न फक्त एक घर मागे सरकतो, कारण एका पेशीत एक नियामक आणि शेजारच्या पेशीत दुसरा का, हे सांगायचे राहतेच. काही वेळा अंड्यातच द्रव्ये असमान पसरलेली असतात. परंतु बहुतेक ठिकाणी उत्तर शेजाराकडे मिळते, आणि ते पाहायला नेत्रभिंगासारखे उदाहरण नाही.

भ्रूणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा निघतो आणि वाढत वाढत बाह्यस्तराला, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराला, आतून जाऊन टेकतो. जिथे तो टेकतो तिथला बाह्यस्तर जाड होतो, आत खचतो, त्याची पिशवी होते आणि ती सुटी होऊन आत उतरते. पिशवीच्या मागच्या भिंतीतील पेशी लांब लांब होत जाऊन मधली पोकळी भरून काढतात, क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांनी गच्च भरतात आणि शेवटी आपली केंद्रके व ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही मोडून टाकतात, कारण प्रकाशाच्या वाटेत काहीही आडवे येऊन चालत नाही. आता हे नवे भिंग वर उरलेल्या बाह्यस्तराला संकेत देते आणि तिथे पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, घडू लागते. म्हणजे ज्याला शेजाऱ्याने घडवले, तो लगेच दुसऱ्या शेजाऱ्याला घडवायला लागतो. मात्र संकेत आला म्हणून कोणतीही पेशी भिंग होत नाही. आधीच्या इतिहासाने ती ते ऐकण्याजोगी झालेली असावी लागते. ‘अवयव म्हणजे ऊतींचा समूह’ ही व्याख्या मीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. ती चूक नव्हे, पण या देवाणघेवाणीचा तिच्यात मागमूस नाही.

वनस्पतींविषयी तू चारच ओळी लिहिल्यास, ते मनाला लागले. वनस्पतीच्या पेशी भित्तिकांनी जखडलेल्या असल्याने जागा सोडून जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथे स्थानाचे महत्त्व अधिकच ठळक दिसते. खोडाचा पातळ उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेव आणि जलवाहिनीवर नजर स्थिर कर: भिंतीवर लिग्निन या कठीण द्रव्याची गोल वा सर्पिल वेटोळी दिसतील आणि आत काहीच दिसणार नाही. या पेशींनी आधी भिंती पक्क्या केल्या, मग आतला जीवद्रव्याचा पसारा स्वतःच विरघळवून टाकला आणि एकमेकींमधले पडदे मोडून सलग नळी केली. विभेदनाची शेवटची पायरी इथे मृत्यू आहे, आणि पाणी वाहून नेण्याचे काम त्यानंतरच सुरू होते.

एक शंका तू समासात लिहिली आहेस: संकेत देणारा शेजारी निघून गेल्यावर पेशी आपले रूप विसरत का नाही? चांगला प्रश्न आहे. तो समासात ठेवू नकोस. स्नायुपेशीतील मायोडी हे नियामक प्रथिन स्वतःचेच जनुक चालू ठेवते. शिवाय डीएनएवर बसलेल्या, जनुके बंद ठेवणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा विभाजनानंतर लेकपेशींतही उतरतात. अशी ही स्मृती टिकाऊ असते, पण अभेद्य नसते. १९८७ मध्ये संयोजी ऊतीतील पेशींत एकटे मायोडी चालू केल्यावर त्या स्नायुपेशींसारख्या झाल्या, आणि २००६ मध्ये शिन्या यामानाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघी चार जनुके घालून उंदराच्या विभेदित पेशींना मूलपेशींच्या, म्हणजे पुढे कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या पेशींच्या, अवस्थेत परत नेले. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक एकत्रच मिळाले.

आता टिपण पुन्हा लिहिताना डोळ्याची आकृती नव्याने काढ. भागांची नावे दे, पण त्याहून ठळक बाण काढ: कोणी कोणाला संकेत दिला, आणि कोणत्या क्रमाने. पारपटलापाशी येऊन अडलीस तर भिंगाकडून निघणारा बाण विसरला आहेस का, एवढे आधी तपास आणि मग मला पाठव.

तुझा,
शिक्षक