दिसत नाही, मग आहे कशावरून? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न: मी फिजिक्स शिकतो. माझा एक ख्रिश्चन मित्र म्हणतो की भौतिक जगापलीकडे आत्मिक जग आहे. पुरावा मागितला तर म्हणाला, वायफाय तरी कुठे दिसतं? मला काही ते पटलं नाही. तुम्हाला पटतं का?

उत्तर: नाही. वायफाय डोळ्यांना दिसत नसलं तरी मोजता येतं, म्हणजे ते शंभर टक्के भौतिकच झालं. मित्राचा हेतू चांगला आहे पण उदाहरण त्याच्याच अंगाशी आलंय.

ख्रिस्ती लोक म्हणतात ते जरा वेगळं आहे. देव म्हणजे विश्वात कुठेतरी दडलेली, अजून न सापडलेली वस्तू असं ते मानतच नाहीत, विश्व मुळात आहे तेच त्याच्यामुळे अशी त्यांची श्रद्धा, त्यामुळे दुर्बीण कितीही मोठी केली तरी त्यात देव सापडेल अशी अपेक्षा त्यांनी कधी ठेवलेलीच नाही. 325 साली निकेया या गावी चर्चच्या बिशपांची जी परिषद भरली तिच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरवून दिलेल्या निवेदनात, देव हा दृश्य आणि अदृश्य अशा सगळ्याचा निर्माता आहे असं आलंय, आणि त्याच्याही आधी येशूचा प्रेषित पौल याने कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात हेच आहे. म्हणजे बघ, जे अदृश्य आहे तेही निर्माण केलेलंच. खरी रेघ दिसणारं आणि न दिसणारं यांच्यामध्ये नाहीच, ती निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप मिटतात.

आता पुराव्याचं. बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकात, अध्याय 6 मध्ये एक प्रसंग आहे. अरामाच्या राजाला अलीशा संदेष्ट्याला पकडायचं असतं, म्हणून त्याचं सैन्य रातोरात येऊन दोथान गावाला वेढा घालतं. पहाटे अलीशाचा चाकर बाहेर येतो, बघतो तर चहूकडे घोडे आणि रथ, आणि तो गर्भगळीत होतो. अलीशा देवाला एवढंच म्हणतो की याचे डोळे उघड. मग त्याला दिसतं की सगळा डोंगर अग्नीच्या घोड्यांनी आणि रथांनी भरलाय. लोक गोष्ट इथेच थांबवतात, पण मला पुढचा भाग जास्त आवडतो. ते अग्नीचे रथ पुढे लढतच नाहीत! शत्रूच्या सैनिकांना काही दिसेनासं होतं, अलीशा त्यांना थेट शोमरोन या राजधानीत इस्राएलच्या राजासमोर नेतो, राजा विचारतो यांना मारू का, तर अलीशा म्हणतो नाही, यांना खायला-प्यायला घाल आणि घरी पाठव. मोठी पंगत होते आणि सैन्य परत जातं.

हा काही लॅबमधला पुरावा नाही, आणि तसा दावाही नाही. तुला तपासायचंच असेल तर पुनरुत्थान तपास, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला हा दावा. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पौल सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे, आणि तिथेच तो पाचशेहून जास्त साक्षीदारांचा उल्लेख करतो, त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत असंही सांगतो. साक्ष पटो न पटो, ती तपासायची पद्धत मात्र इतिहासाची आहे, फिजिक्सची नाही.

प्रश्न: चांगली माणसं मेल्यावर देवदूत होतात का? लहान मुलांना आपण असंच सांगतो ना.

उत्तर: सांगतो खरं, पण ख्रिस्ती शिकवणीत तसं नाही. देवदूत आणि माणूस या दोन वेगळ्या निर्मिती. पुनरुत्थानानंतर माणसं देवदूतांसारखी असतील असं येशू लूकच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात म्हणतो, पण तिथे विषय मरण आणि लग्न हा आहे, माणसाचा देवदूत होण्याचा नाही. पंखांचंही तसंच, यशया संदेष्ट्याच्या दर्शनातल्या सराफ नावाच्या स्वर्गीय जिवांना सहा-सहा पंख आहेत, पण अब्राहामाकडे तिघे पाहुणे येतात ते साध्या माणसांसारखे येतात, आणि तो त्यांना पाय धुवायला पाणी देतो, जेवायला वाढतो. आणि हो, देवदूतांची पूजा करायची नाही. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस ते लिहिणारा योहान एका देवदूताच्या पाया पडायला जातो तर देवदूतच त्याला अडवतो, मीही तुझ्यासारखाच सेवक, देवाची उपासना कर म्हणतो.

प्रश्न: आत्मा पवित्र आणि शरीर म्हणजे नुसतं ओझं, तुरुंग, असंच ना? मग मेल्यावर सुटका.

उत्तर: असं बऱ्याच चर्चमधल्या लोकांनाही वाटतं, पण हे ख्रिस्ती नाहीये. दुसऱ्या शतकात ज्ञानवादी म्हणवणारे गट होते, त्यातले बरेच जण म्हणायचे की हे भौतिक जग कुणा खालच्या दर्जाच्या देवाने बनवलेलं आहे आणि तारण, म्हणजे मुक्ती, म्हणजे त्यातून निसटणं. चर्चने हे साफ नाकारलं, इरेनियस नावाच्या बिशपने साधारण 180च्या सुमारास त्याविरुद्ध भरपूर लिहून ठेवलंय. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव निर्मितीला फार चांगली म्हणतो, आणि उलट बाजूने सैतान बघा, तो तर शुद्ध आत्माच, त्याला कुठे शरीर आहे! आत्मिक म्हणजे आपोआप चांगलं हे गणित तिथेच कोलमडतं.

लूकच्या 24व्या अध्यायात उठलेला येशू शिष्यांमध्ये उभा राहतो आणि त्यांना वाटतं भूत आलं. तो हात-पाय दाखवतो, म्हणतो चाचपून बघा, भुताला हाडं-मांस नसतं. तरी त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा विचारतो इथे काही खायला आहे का, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. पौल ज्याला आत्मिक शरीर म्हणतो तेही शरीरच आहे, धुकं नाही. म्हणून चर्चमध्ये आज म्हणतात त्या मतांगीकारात शेवटची आशा मृतांच्या पुनरुत्थानाची आहे, नुसता आत्मा वर निघून जाण्याची नाही.

प्रश्न: आई जाऊन थोडेच महिने झालेत. एक बाई म्हणतात की त्या आईशी बोलणं करून देतील. आम्ही ख्रिस्ती आहोत. जाऊ का?

उत्तर: ताई, जाऊ नका. आईचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटणं यात पाप-बिप काही नाही, तो भाग आधी मनातून काढून टाका. पण मेलेल्यांना विचारायला जाणं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात स्पष्ट मना केलंय. इस्राएलचा शौल राजा मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याशी बोलायला एन-दोर गावच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे वेश बदलून, रात्रीचा गेला होता, त्याला शमुवेलाकडून धीर काही मिळाला नाही, उलट तो जमिनीवर कोसळला. पुढे काय करायचं यात मात्र पंथांप्रमाणे फरक आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, बहुतेक प्रोटेस्टंट करत नाहीत, ते आईबद्दल देवाचे आभार मानतात आणि तिला त्याच्या हाती सोपवतात. तुमच्या चर्चमध्ये जी रीत आहे ती धरा. दोन्हीकडे बोलायचं ते देवाशी, आणि त्यासाठी मधे फी घेणारं कुणी लागत नाही.

प्रश्न: भावाला आवाज ऐकू येतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. प्रार्थनेला जातो तिथले एक जण म्हणतात हा दुरात्मा आहे, गोळ्या बंद करा.

उत्तर: गोळ्या बंद करू नका. हे मी अगदी ठासून सांगतोय.

ख्रिस्ती श्रद्धा दुरात्मे मानते हे खरं, येशूने ते काढल्याचे प्रसंग शुभवर्तमानांत जागोजागी आहेत. पण प्रत्येक आजार म्हणजे दुरात्मा असं त्यात कुठेही नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे, त्यात भूतग्रस्त वेगळे, फेपरेकरी (मिरगीचे रुग्ण) वेगळे आणि पक्षाघाती वेगळे लिहिलेत. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल भूत काढायला सांगत नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणतो, तेव्हाचं औषधच ते. कॅथलिक चर्चच्या 1614च्या विधिग्रंथातही पुरोहिताला आधी हीच ताकीद आहे की बाधा झालीय असं चटकन मानू नको, आणि आजही तो विधी बिशपच्या खास परवानगीशिवाय करता येत नाही.

भावासाठी प्रार्थना जरूर करा, त्याच्याजवळ बसून करा. आवाज काय सांगतात ते डॉक्टरांना कळू द्या, विशेषतः स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर त्याच दिवशी. आणि त्या गृहस्थांना सांगा की औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. ऐकत नसतील तर पास्टरांच्या कानावर घाला, आणि तोवर भावाला त्यांच्याबरोबर एकटं सोडू नका.