दोन कंटूरच्या मधला कडा

न्यूझीलंडच्या फियॉर्डलंडचा टोपो५० (जमिनीचे चढउतार दाखवणारा) नकाशा फोनमध्ये आहे, तर डस्की ट्रॅक ही पायवाट सोडून एखाद्या सोंडेने, म्हणजे डोंगराच्या उतरत्या फाट्याने, धारेवर चढायला हरकत काय, असं तुम्ही विचारलंय. नकाशा उत्तम आहे, पण तो बनतो कसा हे समजल्याशिवाय तिथे वाट सोडू नका.

प्रमाण १:५०,०००, कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर २० मीटर उंचीला एक. दोन रेषांच्या मध्ये १५ मीटरचा सरळसोट कातळटप्पा दडला, तर कागदावर तो उमटेलच असं नाही. सह्याद्रीतही टोपोशीटवर (अशाच नकाशावर) सोपी दिसणारी नाळ, म्हणजे अरुंद घळ, मध्येच तुटलेली निघते. फियॉर्डलंडमध्ये मात्र वरून रान आहे, तेही उभ्या कातळावर, शेवाळाच्या आणि मुळांच्या जाळीवर तगलेलं. विमानातून घेतलेल्या फोटोंच्या जोड्यांवरून उंची काढताना दिसतात ते शेंडे. खालची जमीन अंदाजाने धरावी लागते. त्यामुळे वरून सलग हिरवा दिसणारा उतार आत शिरल्यावर कडा निघू शकतो. माझा नियम असा: किनारा आणि झाडोऱ्याच्या वरच्या उघड्या धारा भरवशाच्या, मधला जंगलाचा पट्टा संशयाचा.

हा फरक जुनाच आहे. १७७३ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक फियॉर्डलंडच्या डस्की साउंड या खाडीत थांबला, तेव्हा आकाश दिसावं, रेखांश काढता यावा म्हणून त्याच्या लोकांनी सुमारे एकरभर जंगल तोडलं! होडीतून किनारा मोजला. खाडीच्या एका फाट्याचा शेवट हाती लागला नाही, तिथे त्याने ‘कोणालाच ठाऊक नाही’ अशा अर्थाचं नाव लिहिलं. १७९१ मध्ये दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने तो फाटा पाहिला आणि नाव बदलून ‘कोणाला तरी ठाऊक आहे’ असं केलं. न पाहिलेलं न पाहिलेलं म्हणून लिहिणं, हे मला त्या नकाशातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता होकायंत्र. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जवळजवळ शून्य, म्हणून आपल्याला दुरुस्तीची सवयच नसते. तिथे सुई वीसहून जास्त अंश पूर्वेला वळते. दुरुस्ती विसरलात तर किलोमीटरमागे साडेतीनशे मीटरहून जास्त चुकाल. इथून नेलेल्या होकायंत्राची सुई तिथे एका बाजूला झुकून अडकूही शकते, तेव्हा दक्षिण गोलार्धासाठीचं घ्या. फोन भिजतो. कागदी नकाशा हवाच.

जो टप्पा ओल्यात उतरता येणार नाही, तो चढू नका. कोणती सोंड मनात आहे ते ग्रिड क्रमांकासह (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारे आकडे) इथे लिहा, कंटूर एकत्र बसून वाचू.