त्या दोघी नुसत्या मैत्रिणी नव्हत्या

या महिन्यात सुपरहिरो कॉमिक्सवर तीन पत्रं आलीत, तिन्ही आपल्या मराठवाड्यातली, आणि फिरून फिरून विषय एकच, कॉमिक्समधलं समलिंगी प्रेम, म्हणून एकत्रच घेतेय.

प्रश्न : ताई, मी परभणीचा, सध्या लातूरला नीटच्या क्लाससाठी हॉस्टेलवर असतो. रात्री मोबाईलवर जुने एक्स-मेन वाचतो. त्यातल्या मिस्टिक आणि डेस्टिनी मला पहिल्यापासून जोडपं वाटतात. रूमवरचे पोरं म्हणतात तू लई डोकं लावतो, कुठूनबी काहीबी काढतो, त्या मैत्रिणी आहेत. मी चुकीचं वाचतोय का? नाव छापू नका. खरंच छापू नका.
– एक वाचक, लातूर

उत्तर : चुकीचं नाही रे, एकदम बरोबर वाचलंस. आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही.

१९५४ ला अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळं पोरं बिघडतात, त्यात बॅटमन आणि रॉबिनचं घर म्हणजे दोन समलिंगी पुरुषांचं स्वप्न आहे असंही म्हटलं. बोंबाबोंब झाली, सरकार कायदा करेल म्हणून प्रकाशक घाबरले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःच कॉमिक्स कोड काढला. त्यात ‘लैंगिक विकृती’ दाखवायची नाही, तिचा इशारासुद्धा द्यायचा नाही असं कलम होतं, आणि समलिंगी प्रेम त्या काळी त्यातच धरायचे. कव्हरवर कोडचा शिक्का नसला की विक्रीवाले अंक ठेवायला तयार नसायचे. १९८९ ला कोड बदलेपर्यंत ते कलम तसंच होतं.

आता तूच बघ, ज्याला इशारासुद्धा बंद आहे तो लेखक काय करेल? तो प्रेम हा शब्द टाळेल आणि संसार दाखवेल. डेस्टिनी आली १९८१ ला, डोळ्यांनी आंधळी पण पुढचं सगळं दिसणारी, आणि मिस्टिक पाहिजे ते रूप घेणारी, त्या दोघींनी मिळून रोग (Rogue) नावाच्या मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. एक घर, एक पोरगी, आणि एक मेली की दुसरी पार कोसळते. याला आपल्या गावातली कुठलीही म्हातारी संसारच म्हणेल की. लेखक ख्रिस क्लेअरमॉन्टला तर एक्स-मेनमधला नाईटक्रॉलर या दोघींचाच मुलगा दाखवायचा होता, मिस्टिक पुरुषाचं रूप घेऊन त्याचा बाप झाली असं, पण तेव्हा ते होऊ दिलं नाही. मग त्यानं १९९० च्या एका अंकात डेस्टिनीसाठी प्रेयसी या अर्थाचा इंग्रजीतला एक जुनाट शब्द घातला, जो कुणाच्या ध्यानातच येणार नाही असा. आणि शेवटी २०२३ ला ती नाईटक्रॉलरची गोष्ट अंकात आलीच, मिस्टिकच त्याचा बाप. रूमवरच्या पोरांना पुरावा पाहिजे असेल तर हा घे, फक्त तो छापून यायला बेचाळीस वर्षं लागली.

मी स्वतः औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून एक्स-मेनचे फाटके अंक आणायचे, पुढचा अंक कधीच मिळायचा नाही, आणि मलाही त्या दोघींबद्दल हेच वाटायचं, पण विचारायला कुणी नव्हतं. म्हणून तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं.

एक मात्र सांगते, दिसलेला प्रत्येक इशारा लेखकानं ठेवलेला असतोच असं नाही. बॅटमन-रॉबिनचं वर्थमचं म्हणणं मला पटत नाही, रॉबिन तेव्हा लहान पोरगं होतं. पण त्या आरोपावर उतारा म्हणूनच १९५६ ला बॅटवुमन आणली असं मानतात, बॅटमनच्या प्रेमात पडलेली, हत्यारं पर्समध्ये घेऊन फिरणारी, पावडरच्या डबीसकट. तीच बॅटवुमन २००६ ला नव्यानं आणली ती लेस्बियन म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. पण २०१३ ला तिचं तिच्या प्रेयसीशी, मॅगी सॉयरशी, लग्न लावू दिलं नाही म्हणून तिचे दोन्ही लेखक सोडून गेले, म्हणजे तेव्हाही सगळं मोकळं झालेलं नव्हतं.

नाव छापलं नाही. का छापायचं नाही तेही विचारत नाही. पण अजून कधी लिहावंसं वाटलं तर लिही.

प्रश्न : आम्ही इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ, मँड्रेक मराठीतून वाचून मोठे झालो. त्यात असलं काही नव्हतं. आता हिरोंच्या गोष्टीत हे कशाला घुसवतात?
– एक जुने वाचक, नांदेड

उत्तर : काका, वेताळाचं आणि डायनाचं लग्न झालं १९७७ ला. ते घुसवलं असं तुम्हाला वाटलं का? नाही ना, उलट इतकी वर्षं वाट बघून झालं एकदाचं म्हणून आनंदच झाला असेल. नॉर्थस्टार म्हणून कॅनडाचा एक हिरो आहे, तो आला १९७९ ला. तो गे आहे हे त्याला घडवणाऱ्या जॉन बर्नच्या डोक्यात फार आधीपासून होतं, पण पात्राच्या तोंडून ते निघालं १९९२ ला, तेही हाणामारी चालू असताना. त्याचं त्याच्या जोडीदाराशी, काइलशी, लग्न झालं २०१२ ला. तेहतीस वर्षं वाट बघणारे वाचक त्याचेही होते काका, त्यांनाही तुमच्याएवढाच आनंद झाला.

प्रश्न : माझ्या मुलाच्या दप्तरात सुपरमॅनचं पुस्तक सापडलं, त्यात दोन मुलं एकमेकांचं चुंबन घेताहेत. तो अकरावीला आहे. मी ते माळ्यावर टाकून दिलं, ह्यांना सांगितलेलं नाही. शेजारीण म्हणते डॉक्टरला दाखव, नाहीतर देवऋष्याला. जीव थाऱ्यावर नाही बगा.
– एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आधी पाणी प्या. पुस्तक वाचून कुणी गे होत नाही आणि पुस्तक लपवून कुणी बदलत नाही. तुमचा मुलगा तसा असेल, नसेलही, गोष्ट आवडली म्हणूनही वाचत असेल. असला तरी तो आजार नाही, सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला हे गुन्ह्यातून काढलंय, आणि ‘बरं करतो’ म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ ला सांगितलंय. देवऋष्याकडं तर बिलकुल नेऊ नका, तिथं पोरगं कायमचं तुटेल.

तुम्ही सांगता त्यावरून ती जॉन केंटची गोष्ट दिसतेय, नोव्हेंबर २०२१ चा अंक. जॉन म्हणजे सुपरमॅनचा मुलगा. तो सगळ्या जगाला वाचवत सुटतो, झोप नाही, आराम नाही, शेवटी पार गळून जातो, आणि ज्याच्याकडं टेकायला येतो तो ‘जे’ नावाचा मुलगा. हा ‘जे’ बातमीदार आहे, बापाची बायको लोइस होती तसाच. तुम्ही ते एकच पान बघितलंय, आधीची पानं बघितली नाहीत. आज ते माळ्यावरून काढा, पहिल्यापासून वाचा, इंग्रजी अडलं तर त्यालाच विचारा. आणि जेवायला वाढताना सहज म्हणा, मी वाचलं रे तुझं ते पुस्तक, पुढं काय होतं त्या दोघांचं?