'उद्धट' हा शब्द वाक्यात कसा वापरायचा? उद्धट आणि उर्मट एकच का?

तुमचं म्हणणं असं की माहेर इंदूरचं, हिंदी बोलत वाढलात, आता लग्न होऊन नाशिकला आलात आणि मराठी शिकताय, तर ही तीन वाक्यं बरोबर आहेत का: "दुकानदार खूप उद्धटा आहे", "त्याने मला उद्धट बोलला", "माझी जाऊबाई फार शिष्ट आहे". मी २२ वर्षं सहावी ते आठवीच्या मुलांना मराठी शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही, जरा लांबड लागेल पण वाचा.

पहिलं म्हणजे उद्धट बदलत नाही. मुलगा उद्धट, मुलगी उद्धट, पोरगं उद्धट, दहा जण असले तरी उद्धटच, उद्धटा-उद्धटी असं काही नसतं. ज्या विशेषणाच्या शेवटी आ असतो ते बदलतं, म्हणजे तुसडा माणूस, तुसडी बाई, तुसडं बोलणं, तुसड्या माणसाला. पण उद्धट माणसाला, उद्धट बाईला, तिथे काही हलत नाही. उर्मट, आगाऊ, फटकळ, मुजोर सगळे याच रांगेतले. आणि लिहिताना आधी अर्धा द, मग पूर्ण ध. व्हॉट्सअ‍ॅपवर, पाट्यांवर सर्रास 'उध्दट' दिसतं, ते चूक आहे, मूळ संस्कृत शब्द उद्धत, त्याच्यापासूनच औद्धत्य आलं, आणि उद्धार, पद्धत यांच्यातही तोच द-ध आहे, एकदा हे डोक्यात बसलं की हात चुकत नाही.

दुसऱ्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. मराठीत "तो बोलला", "त्याने बोलला" नाही, त्याने म्हटलं किंवा त्याने सांगितलं चालतं पण बोलणे ला 'ने' लागत नाही. आणि "मला बोलला" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं तो तुम्हाला रागावला, कारण "आई मला बोलली" म्हणजे आईने झापलं. तुम्हाला म्हणायचंय "तो माझ्याशी उद्धटपणे बोलला". रोजच्या बोलण्यात "उद्धट बोलू नकोस", "किती उद्धट वागतोस रे" असं पणे न लावताही सगळे म्हणतात, ते बिनधास्त म्हणा. नाम हवं असेल तर उद्धटपणा: "हा उद्धटपणा मी खपवून घेणार नाही".

आता उद्धट की उर्मट. डिक्शनरीत दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतील पण कानाला फरक कळतो. जिथे मान द्यायला हवा होता आणि दिला नाही तिथे उद्धट आधी तोंडात येतं, म्हणून पोरं मोठ्यांना उलट उत्तर देतात ती उद्धट. उर्मट जास्त करून त्याला म्हणतात ज्याच्या हातात काहीतरी आहे, खिडकीत बसलेला क्लार्क, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि तुमचा दुकानदार, जो सुट्टे नाहीत म्हणून पिशवी परत ओढून घेतो. तोच माणूस "काय करायचं ते करा" म्हणायला लागला की मुजोर झाला, पेपरात रिक्षावाल्यांच्या बातमीला हाच शब्द असतो बघा. फटकळ मात्र वाईट नाही, मनात काही न ठेवता तोंडावर बोलणारी बाई फटकळ, तिला उद्धट म्हणणं अन्याय आहे.

अन्यायावरून आठवलं, हे मला सांगायचंच होतं. एकदा प्रगतिपुस्तकात मी एका मुलाच्या शेऱ्यात लिहिलं, "उद्धट आहे". खेड्यातून नुकताच आलेला, मला सरळ "बाई, तू वही दे ना" म्हणायचा. दोन दिवसांनी त्याची आई आली, पुस्तक छातीशी धरलेलं, म्हणाली, "बाई, आमच्यात आजोबांनापण अरे-तुरेच करत्यात, त्यानं कुणाला उलटून बोललेलं मी नाय ऐकलं." ती पुस्तकातल्या त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत होती. मी तिच्यासमोर तो शेरा खोडला आणि "मोठ्यांना अहो-जाहो करायची सवय लावावी" असं लिहिलं. तेव्हापासून माझा नियम ठरला, "उद्धट आहे" लिहायला हात आवरायचा, "उद्धटपणे बोलला" लिहायचं, म्हणजे ते त्या एका वेळेपुरतं राहतं. 'आहे' म्हटलं की ते माणसाला कायमचं चिकटतं. तुम्हीपण दुकानदाराला एकदाच भेटला असाल तर "आज माझ्याशी उर्मटपणे बोलला" म्हणा.

हिंदीवाल्यांची गफलत होते असे दोन-तीन शब्द सांगते. हिंदीतला उद्दंड म्हणून मराठीत "मुलगा उदंड आहे" म्हणू नका, मराठीत उदंड म्हणजे भरपूर, आपण उदंड आयुष्य लाभो म्हणतो. बदतमीज म्हटलेलं सगळ्यांना कळतं पण मराठी वाक्यात ते उपरं वाटतं. आणि असभ्य जपून वापरा, "त्याने असभ्य वर्तन केलं" म्हटलं की बऱ्याच लोकांच्या मनात छेडछाड येते, नुसत्या उद्धटपणाला तो शब्द फार जड पडतो.

तिसरं वाक्य कुठे पाठवलं नसेल तर प्लीज पाठवू नका. हिंदीत शिष्ट म्हणजे सभ्य, त्यामुळे तुम्हाला जाऊबाईंचं कौतुक करायचंय हे कळलं, पण बोली मराठीत शिष्ट म्हणजे नाक वर करून वागणारी, कुणाशी न मिसळणारी. शिष्टाचार हा शब्द चांगलाच आहे, नुसतं शिष्ट मात्र टोमणा आहे. त्याऐवजी लिहा, "माझ्या जाऊबाई स्वभावाने फार चांगल्या आहेत, सगळ्यांशी आदराने बोलतात". त्या थोरल्या असोत की धाकट्या, सासरच्या ग्रुपवर लिहिताना 'आहेत'च लिहा.